फटफटीवरून जुन्या व्यापारी वाटांचा शोध

शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात. सहा दिवस माग, साइझिंग, सुताचे भाव आणि उधारीच्या वसुलीत गेल्यावर ज्याला जे सुचेल ते तो या दिवशी करतो. आमच्या सात जणांच्या मंडळाला गेल्या काही वर्षांपासून एक वेगळेच वेड लागले आहे. फजरनंतर फटफट्या काढायच्या, सटाणा-ताहाराबादच्या बाजूला जायचे आणि जिथे डांबर संपते तिथून पुढे खरी सफर सुरू करायची. यात दोन मागवाले आहेत, एक साइझिंगवाले, एक निवृत्त उर्दू शिक्षक, एक गॅरेजवाले मिस्त्री, एक टेलर मास्तर, आणि कापडाचे व्यापारी म्हणजे आम्ही. शिक्षकसाहेब सोडले तर सगळे तिजारत आणि कारागिरीतलेच. म्हणूनच व्यापाराच्या पानावर हा विषय आणण्याची हिंमत करतो.

वाचक म्हणतील, चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसांनी जंगलात गाड्या पळवायच्या कशासाठी? पण आम्ही गाड्या पळवत नाही. दगडगोट्यांच्या वाटेवर ताशी १५ ते २० किलोमीटरपेक्षा जास्त वेग निघत नाही, आणि निघाला तर मिस्त्री मागून हॉर्न वाजवतात. आम्ही वाटा शोधतो. १९९० च्या दशकात आमच्यापैकी तिघे बजाजच्या एम-८० वर लुंग्या, टॉवेल आणि साड्यांचे गठ्ठे बांधून बागलाण आणि साक्रीकडचे आठवडे बाजार करीत असत. आमच्या आधीच्या पिढीने तेच बाजार सायकलीवर आणि पायी केले. त्या वाटा आता नकाशात नाहीत.

आणि त्या वाटा काही साध्या नव्हत्या. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापून आले. त्यात त्याने मुक्कामांची यादीच दिली आहे. बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर, मग पुढे दौलताबाद आणि औरंगाबाद. नवापूर विणकरांनी भरलेले मोठे गाव असल्याचे तो लिहितो, मात्र तिथला मुख्य व्यापार तांदळाचा असेही सांगतो. म्हणजे आम्ही ज्या डोंगरात शुक्रवारी धडपडतो, तिथून साडेतीनशे वर्षांपूर्वी माल आणि जवाहीर जात होते. सेलबारी-डोलबारीच्या रांगेतून खिंडीने पलीकडे उतरले की पिंपळनेर. डांबरी घाट आता आहेच. पण त्याच्या आजूबाजूला बैलांच्या तांड्यांनी झिजवलेल्या जुन्या चढणी आहेत. त्यातली कोणती अजून चालू आहे, कोणती शेतात गेली, कोणती धरणाच्या पाण्यात, हे पाहायचे आमच्या डोक्यात आले.

सुरुवात जीपीएसने झाली नाही, एका चाचांपासून झाली. हे चाचा आमच्या मोहल्ल्यातले, वय पंचाहत्तरच्या पुढे, उभी हयात फेरीत गेली. त्यांनी आमच्या बिलबुकाच्या पाठीवर पेन्सिलीने नकाशा काढून दिला. नदी, मग जुळे आंबे, मग एक विहीर, मग डाव्या हाताला काळा कडा. अंतराचे माप त्यांच्याकडे किलोमीटरचे नव्हते. "ताहाराबादहून निघाले की बिडी संपते तिथे नाला," असे ते सांगत. शिक्षकसाहेबांनी तो कागद जपून घेतला आणि मग त्याची बरोबरी भूमापन खात्याच्या नकाशाशी करायला बसले.

इथे थोडी तांत्रिक माहिती देणे भाग आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. त्यांचा ५०,००० पटीचा नकाशा अशा कामाला सगळ्यात उपयोगी. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. उंचीच्या रेषा दर २० मीटरला एक. एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा वर चढल्या तर ५०० मीटर चालीत १०० मीटर चढ, म्हणजे पाचाला एक. डांबरावर एवढा चढ गाडी घेते. पण सुट्या दगडांवर, मागे सामान बांधलेले असताना, पाचाला एक म्हणजे पुढचे चाक उचलले जाणार. अशा ठिकाणी आम्ही नकाशावर लाल खूण करतो आणि गाडी ढकलायला माणसे किती ते आधी मोजतो. मोबाइलवरच्या नकाशांत उंची दाखवतात ती बहुतेक २००० साली अमेरिकी अंतराळयानाने रडारने घेतलेल्या मोजणीवरची. डोंगराचा आकार तीत चांगला कळतो, पण अरुंद घळ आणि दहा मीटरचा कडा ती गिळून टाकते. म्हणून दोन्ही नकाशे समोर ठेवावेत.

जीपीएस अमेरिकेचे. त्याची मूळ रचना २४ उपग्रहांची, जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. यंत्राला आपली जागा आणि उंची काढायला किमान ४ उपग्रह दिसावे लागतात. पूर्वी सर्वसामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. मे २००० मध्ये ती मिसळ बंद केली गेली आणि तेव्हापासून हे यंत्र वाट शोधायच्या कामाचे झाले. आजचा साधा मोबाइलही उघड्या आभाळाखाली काही मीटरच्या फरकाने जागा सांगतो. आणि एक गैरसमज दूर करू. याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, फक्त नकाशा घरून उतरवून न्यावा लागतो. खोल घळीत मात्र संकेत कड्यांवर आपटून येतात. तिथे यंत्र तुम्हाला नाल्याच्या भलत्याच काठावर दाखवील. ते खरे मानू नये.

फाइलीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांत घोटाळा होतो. बिंदू म्हणजे एक जागा. ट्रॅक म्हणजे कोणी प्रत्यक्ष गेल्याचा माग, शेकडो बिंदूंची माळ. रूट म्हणजे फक्त वळणाच्या जागा, त्यांच्या मधली वाट यंत्र स्वतःच्या अकलेने काढते. आम्ही पहिल्यांदा एकमेकांना रूट पाठवला. सात जणांच्या मोबाइलने मधली वाट आपापल्या परीने काढली आणि मोसम नदीच्या काठी आमचे तीन तुकडे झाले. तेव्हापासून फक्त ट्रॅक पाठवतो. आमचे भाचे संगणकावर उपग्रहाच्या चित्रावरून बैलगाडीची चाकोरी बोटाने गिरवतात, तोच ट्रॅक होतो. यातही एक धोका आहे. हरणबारी धरणाच्या फुगवट्यालगत आम्ही अशीच एक छान वाट गिरवली होती. चित्र उन्हाळ्यातले होते. आम्ही गेलो दिवाळीच्या आधी. वाट पाण्यात होती, आणि परत फिरण्यात दोन तास गेले. चित्र कोणत्या महिन्याचे आहे ते आता आधी पाहतो.

आता जी गोष्ट सांगायची लाज वाटते ती सांगतो.

सेलबारीच्या पायथ्याला सगळ्यांनी सकाळी ९ वाजता जमायचे, जुन्या चढणीने पलीकडे जायचे आणि जुम्याला पिंपळनेर गाठायचे असा बेत होता. साइझिंगवाले हाजीसाहेब आदल्या दिवशी नाशिकला कामासाठी गेलेले. ते तिकडूनच कळवणच्या बाजूने येणार होते. हाजीसाहेबांना साखर आहे, दोन वेळ इंजेक्शन लागते. त्यांच्या घरच्यांनी संध्याकाळचे इंजेक्शन बर्फाच्या थर्मासात घालून आणि डबा आमच्याकडे दिला होता.

जमण्याची जागा आम्हीच रात्री फोनवर त्यांना वाचून दाखवली. उर्दू शाळेत आम्ही अर्ज-बलद आणि तूल-बलद शिकलो, मराठीत अक्षांश-रेखांश. एका अंशाचे ६० भाग, म्हणजे मिनिटे, हेही शिकलो. पण शाळेत शिकलेले पन्नाशीत कोणाच्या लक्षात राहते? आमच्या जुन्या यंत्रावर आकडा होता २० अंश ४९.२ मिनिटे. आम्ही वाचले, "वीस, एकोणपन्नास पॉइंट दोन." हाजीसाहेबांनी मोबाइलमध्ये टाकले २०.४९२. खरा दशांश आकडा व्हायला हवा होता २०.८२, कारण ४९.२ ला ६० ने भागावे लागते. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हिशेब करा. चूक ३६ किलोमीटरची, दक्षिणेकडे. रेखांशातही तशीच चूक झाली, पण ती पाच-सहा किलोमीटरचीच. त्यांच्या मोबाइलने दाखवलेली जागा कळवण आणि देवळ्याच्या मधल्या शिवारात पडली. आणि ती त्यांच्या वाटेवरच असल्यामुळे त्यांना शंकाही आली नाही.

९ वाजले, १० वाजले, ११ वाजले. पायथ्याला नेटवर्क नाही. कोणी म्हणाले गाडी पंक्चर झाली असेल, कोणी म्हणाले वणीच्या रस्त्यावर ट्रकची गर्दी असते. साडेअकराला शिक्षकसाहेबांनी थर्मास उघडून पाहिला, बर्फ होता. पुन्हा बंद केला. मग कोणी काही बोलेना. शेवटी आम्ही आणि मिस्त्री दोघे ताहाराबादला परत आलो. फोन लागताच चौदा मिस्ड कॉल एकदम आले. हाजीसाहेब सकाळी साडेआठपासून कांद्याच्या शेताच्या बांधावर बसून होते. आमच्याकडे डबा आहे म्हणून सकाळचे इंजेक्शन घेऊन नुसत्या चहावर निघालेले. साखर उतरली, घाम फुटला, हात कापायला लागले. शेतकऱ्याने पाहिले, घरी नेले, गूळ आणि पाणी दिले, मग भाकरी खाऊ घातली आणि दुपारपर्यंत खाटेवरून उठू दिले नाही. आम्ही पोचलो तेव्हा हाजीसाहेब त्या घरच्या आजीबाईंशी साड्यांच्या भावावर बोलत होते. आम्हाला पाहून त्यांनी फक्त एवढेच विचारले, "शेठ, पिंपळनेर हेच का?"

त्या दिवशीची सफर तिथेच संपली. संध्याकाळचे इंजेक्शन सटाण्यात झाले. हाजीसाहेबांच्या घरच्यांनी आमच्याशी दोन महिने बोलणे टाकले होते, आणि त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

त्यानंतर मंडळाने नियम केले. आकडे तोंडी सांगायचे नाहीत, फाइल पाठवायची. सर्वांच्या यंत्रात अंश दशांशातच ठेवायचे. फाइल मिळाली की प्रत्येकाने जमण्याच्या जागेचे एखाद्या ओळखीच्या गावापासूनचे सरळ अंतर मोजून कळवायचे. सातही उत्तरे सारखी आली तरच निघायचे. जमण्याची जागा नेटवर्क असलेल्या गावातच, चहाच्या टपरीवर. आणि ज्याचे औषध त्याच्याच खिशात.

यंत्राबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. महागडा मोबाइल हँडलवर लावू नये. थरथरीने कॅमेऱ्याची आतली रचना बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला आहे. घरात पडलेला जुना मोबाइल, सिमकार्ड नसले तरी चालते, त्यात नकाशा उतरवून तो हँडलवर लावावा. चांगला मोबाइल खिशात बंद ठेवावा. म्हणजे संकटात त्याची बॅटरी शाबूत राहते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्या अनेक घरांतली मुले आखाती देशांत आहेत. ती प्रेमाने थुरायासारखा उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आणून देतात. भारतात सरकारी परवानगीशिवाय अशी वस्तू बाळगणे आणि वापरणे गुन्हा आहे. त्यात परदेशी पर्यटकांनाही अटक झाली आहे. जीपीएस फक्त संकेत घेते, पाठवत काही नाही, त्याची गोष्ट वेगळी. पण गावातल्या माणसाला हा फरक कसा कळावा? एमएच-४१ ची पाटी, दाढीवाली सात माणसे, हातात नकाशे आणि धरणाजवळ उभे. आम्हाला एकदा अडवले होते. अडवणाऱ्यांनी उद्धटपणा केला नाही, आम्हीही केला नाही, पण तो पाऊण तास जड गेला. आता कोणत्याही गावात शिरलो की आधी टपरीवर चहा, मग पोलीस पाटलांची भेट, कोण, कुठून आलो, कुठे जाणार हे सांगायचे. ओळखपत्र, लायसन्स, गाडीची कागदपत्रे, विमा सगळे जवळ. गंमत अशी की निम्म्या गावांत कोणी ना कोणी आमच्याकडून किंवा आमच्या वडिलांकडून कापड घेतलेले निघते.

राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना हवाच. म्हणून ट्रॅक गिरवताना जंगलाची हद्द आधी टाकावी आणि वाट तिच्या बाहेरून काढावी. उभ्या पिकातून जाणारी चाकोरी वगळावी. मांगीतुंगीला जैन बांधवांचे तीर्थ आहे. तिथे गाड्या पायथ्यालाच ठेवाव्यात. साल्हेर किल्लाही, १,५६७ मीटरचा, चढायचा तो पायीच.

आता कारागिरांच्या फायद्याचे. या सफरीला गाडीच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या लागतात. कंपनीच्या पिशव्यांचे भाव पाहून आमच्या टेलर मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "यात शिवणार काय, दोन थैल्याच ना!" पहिल्या जोडीला त्यांनी ताडपत्रीचा कॅनव्हास वापरला. पावसात कॅनव्हास पाणी पिऊन दुप्पट जड झाला. दुसऱ्या जोडीला ६०० डेनिअरचे पॉलिस्टर, आतून लेप दिलेले. कापड टिकले, शिवण गेली, कारण त्यांनी सुती दोरा घातला होता. तिसरी जोडी १,००० डेनिअर नायलॉनची. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोरा नायलॉनचा, बाँडेड. पाणी कापडातून येत नाही, सुईच्या छिद्रातून येते, म्हणून आतून शिवणीवर पट्टी चिकटवली. ४० सेंटिमीटर उंच, ३० रुंद, १८ जाड, म्हणजे एका बाजूला साडेएकवीस लिटर. ५८ इंची पन्ह्याचे दीड मीटर कापड जोडीला पुरते. सायलेन्सरच्या बाजूला मात्र पत्र्याची आड लावलीच पाहिजे. साधे नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळते आणि सायलेन्सर त्याच्या पुढे सहज जातो. पहिल्या जोडीतली डावी पिशवी अजून दुकानात आहे, उजवी नाही.

मिस्त्रींनी इंजिनाखाली लावायची पत्र्याची ढाल बनवली. ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा, चिखल निघून जायला भोके, आणि बोल्ट चासीला, इंजिनाला नव्हे. इंजिनाला बसवली तर दगडाचा मार थेट इंजिनाच्या कव्हरला बसतो. टायरची हवा खडकाळ भागात २० पौंडांच्या आसपास उतरवतात. त्याहून खाली गेल्यास ट्यूब रिमखाली चिमटते. डांबर लागले की पुन्हा भरायची, म्हणून पायपंप बरोबर हवा.

नाशिक-पुण्याकडची मंडळी अशा सफरींवर बराच पैसा खर्च करतात. मास्तरांकडे आता बाहेरून जोड्यांची विचारणा येऊ लागली आहे. हे कापड आपल्या मागांवर निघत नाही, सुरत-मुंबईच्या बाजारातून आणावे लागते. पण शिलाई, पट्टा, बकल बसवणे हे सगळे हात आपल्याकडे रिकामे आहेत. मंदीच्या महिन्यात दोन मशीन या कामाला लावल्या तर नुकसान नाही. एक सूचना मात्र. नमुना स्वतः गाडीवर बांधून दोनशे किलोमीटर खडबडीत रस्त्यावर फिरवल्याशिवाय विकू नये. ही पिशवी डोंगरात फाटली तर गिऱ्हाईक बदलून मागायला येणार नाही, चार जणांना सांगेल.

सेलबारीची जुनी चढण आम्ही पुढच्या हिवाळ्यात केली. हाजीसाहेब बरोबर होते, इंजेक्शन त्यांच्याच खिशात. वरच्या तिसऱ्या वळणापर्यंत गाड्या गेल्या, पुढे ढकलाव्या लागल्या, आणि जुम्याला पिंपळनेरला पंधरा मिनिटे उशीर झाला. येत्या थंडीत कोंडाईबारीच्या बाजूने नवापूरपर्यंतचा ट्रॅक गिरवायला घेतला आहे. चाचा आता गाडीवर बसू शकत नाहीत. पण संध्याकाळी दुकानात येऊन भाच्याच्या शेजारी बसतात आणि पडद्यावर बोट ठेवून सांगतात. त्यांच्या बिंदूंना आम्ही त्यांनीच सांगितलेली नावे दिली आहेत, पाणपोईचा आंबा, उधारीवाल्याची विहीर, पाय घसरला तो नाला. जुळ्या आंब्यांपैकी एक तोडला गेला आहे, तिथे आम्ही जाऊन पाहिले. तो बिंदू काढून टाकू का, असे भाच्याने विचारले, तर चाचा म्हणाले, "राहू दे. दुसरा आहे ना अजून."